मेलची सेटिंग गेली: जुना प्रोफाइल शोधायचा, नव्याने खातं जोडायचं की ब्राउजरवर भागवायचं?

सकाळी कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम थंडरबर्ड उघडावा आणि नेहमीच्या खात्यांच्या जागी ‘नाव, ईमेल पत्ता, पासवर्ड’ विचारणारी कोरी चौकट दिसावी, की पोटात गोळा येतो. हात आपसूक नाव टाइप करायला लागतात. तेवढं मात्र करू नका. बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. प्रोग्रॅमने तुमची जुनी वही मिटून ठेवून नवी कोरी वही उघडलेली असते.

थंडरबर्ड खाती, मेल, पत्ते, फिल्टर (येणारे मेल आपोआप लावून ठेवणारे नियम) हे सगळं ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि हा फोल्डर प्रोग्रॅमपासून वेगळा असतो. २०१९ साली आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचा प्रोफाइल मिळू लागला. त्यामुळे ३२ बिटवरून ६४ बिटवर गेलात किंवा प्रोग्रॅम दुसऱ्या जागी टाकलात, तर तो आपल्यापुरता नवा संसार थाटतो. जुना तिथेच शेजारी पडलेला असतो.

‘काढून टाक आणि पुन्हा इन्स्टॉल कर’ हा शेजारधर्माचा सल्ला मी म्हणूनच पर्यायांत धरत नाही. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल जागेवर राहतो. बिघाड प्रोफाइलमध्ये असेल तर त्याच जागी पुन्हा टाकलेल्या प्रोग्रॅममध्येही तो तसाच भेटतो.

आधी एकच गोष्ट तपासा: मेल राहतात कुठे? आयमॅप आणि पॉप या सर्व्हरवरून मेल घेण्याच्या दोन पद्धती. आयमॅपवर असाल तर मूळ प्रत सर्व्हरवर, म्हणजे मेल पुरवणाऱ्याच्या यंत्रावर, कॉम्प्युटरवर नुसतं प्रतिबिंब. पॉपवर असाल तर मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरून काढलेले असू शकतात, म्हणजे तुमच्या डिस्कवरची प्रत हीच एकमेव. आठवत नसेल तर जुन्या प्रोफाइल फोल्डरमध्ये डोकावा. ‘आयमॅपमेल’ आणि ‘मेल’ असे दोन उपफोल्डर दिसतात. पैकी ‘मेल’ जड असेल तर जपून. आयमॅपवाल्यांचीही इथे फसगत होते. सर्व्हरवरची जागा भरली म्हणून जुने मेल ओढून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर राहणाऱ्या फोल्डरांत, टाकलेले असतात आणि ते साफ विसरलेलं असतं. ते मेल जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

जुना प्रोफाइल परत जोडणं

पॉपवाल्यांनी, लोकल फोल्डर्सवाल्यांनी आणि वर्षानुवर्षं फिल्टर रचलेल्यांनी हाच मार्ग घ्यावा. कोऱ्या चौकटीतून बाहेर या, मदत मेनूतून ट्रबलशूटिंगची माहिती उघडा, तिथल्या प्रोफाइल्सच्या दुव्यावर जा. सगळ्या प्रोफाइलची यादी येते. प्रत्येकाचा फोल्डर उघडून आकार पाहा: काही एमबींचा असेल तो नवा, काही जीबींचा असेल तो तुमचा. त्याला डिफॉल्ट (आपोआप उघडणारा) करा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. जमलं तर पाच मिनिटांत सह्या (मेलखाली आपोआप येणारा मजकूर), फिल्टर, पत्ते, पासवर्ड सगळं जिथल्या तिथे.

अडतं ते दोन ठिकाणी. नव्या आवृत्तीने वापरलेला प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडायला नकार देते; अशा वेळी प्रोग्रॅम अपडेट करणं सोपं. दुसरी अडचण माझी स्वतःची कमाई आहे: मी एकदा प्रोग्रॅम चालू असतानाच प्रोफाइलची प्रत काढली आणि ती अर्धवट निघाली. तेव्हापासून आधी प्रोग्रॅम बंद, मग अख्ख्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि मगच प्रयोग.

नव्याने खातं जोडणं

शुद्ध आयमॅप, एक-दोन खाती, फिल्टर मोजके: मग जुनं उकरायचा खटाटोप कशाला? पत्ता आणि पासवर्ड दिला की बाकीची माहिती प्रोग्रॅम बहुधा स्वतः शोधतो. न शोधल्यास सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, स्वतः भरा: आयमॅपसाठी ९९३, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. सर्व्हरचं नाव मेल पुरवणाऱ्याच्या मदतपानावर असतं. मेल उतरायला वेळ लागेल, पण तो कॉम्प्युटरचा वेळ, तुमचा नाही.

किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. सह्या, फिल्टर आणि कॉम्प्युटरपुरते साठवलेले पत्ते परत येत नाहीत. जुना प्रोफाइल बिघडलेला असला तरी त्यातले सुटे भाग मात्र वापरता येतात. फिल्टर प्रत्येक खात्याच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत असतात. पासवर्डच्या दोन फाइली, लॉगिन्स आणि की-फोर, जोडीनेच न्याव्या लागतात. एकटी नेलेली कुचकामी. विना-एक्स्टेन्शनच्या (नावाच्या शेवटी टिंब आणि अक्षरं नसलेल्या) जड फाइली म्हणजे खुद्द मेल. प्रोग्रॅम बंद करून त्या नव्या लोकल फोल्डर्समध्ये टाकल्या की पुढच्या वेळी फोल्डर म्हणून दिसतात.

ब्राउजरमधूनच मेल

इथे हरवायला कॉम्प्युटरवर काही नसतंच, हा मोठा फायदा. फिल्टरही सर्व्हरवर असतात, त्यामुळे मशीन बदललं तरी चालतात. एकच खातं असेल आणि मेल कमी असेल तर मी हेच सुचवेन. चार खाती असतील, नेट अधूनमधून जात असेल किंवा जुने मेल लोकल असतील, तर ही तात्पुरती सोय समजा. दुरुस्ती चालू असताना अडलेलं काम निभावून नेण्यासाठी मात्र ती उत्तम.

मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्रॅम आउटलुक वापरणाऱ्यांचं गणित थोडक्यात: ओएसटी फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते आणि ती पुन्हा तयार होते. पीएसटी ही खरी साठवण, तिला जपा. कंट्रोल पॅनेलच्या मेल विभागात नवा प्रोफाइल बनवून त्यात जुनी पीएसटी उघडता येते. म्हणजे वरचे दोन्ही मार्ग एकत्र.

आणि पुष्कळदा सेटिंग गेलेलीच नसते. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, कारण जीमेलने २०२२ च्या मे महिन्यानंतर साध्या पासवर्डने आत येणाऱ्या प्रोग्रॅमांना दार बंद केलं. खात्याच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनची (ओळख पटवण्याची) पद्धत ‘ओऑथ२’ करा. प्रोग्रॅम जुना असेल तर जीमेल खात्यात टू-स्टेप (दोन टप्प्यांची पडताळणी) चालू करून त्या प्रोग्रॅमपुरता १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. एखाद्या फोल्डरमधले मेल गायब किंवा भलतेच दिसतात, तेव्हा त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिपेअर फोल्डर’ दाबा. त्याने फक्त अनुक्रमणिका नव्याने बनते. आणि सगळीच खाती एकदम सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या मुदतबंद ओळखपत्राची) तक्रार करू लागली, तर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघा. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि त्या तारखेला आजचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं.