घरी दुरुस्त करण्यासाठी जुनी स्पोर्ट्‌स कार: मियाटा की पोर्श ९४४?

जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेऊन तिची बहुतेक दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची, असे ठरवलेल्या माणसापुढे अमेरिकेत दोन नावे हमखास येतात. एक म्हणजे १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसलेली माझदा एमएक्स-५ची पहिली पिढी, जिला इकडे सगळे मियाटा म्हणतात. आणि दुसरी म्हणजे १९८२ ते १९९१ या काळात बनलेली पोर्श ९४४. न्यू जर्सीत राहून मी गेली अनेक वर्षे मियाटा सांभाळतो आहे आणि एका मित्राच्या ९४४वर बरेच काम केले आहे. त्या अनुभवावरून मला निवडीसाठी दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. आपल्या हातून चूक झाली तर गाडी ती सोसेल का, हा पहिला. तिचे कोणते दुखणे घरच्या गॅरेजमध्ये बरे होण्यासारखे नाही, हा दुसरा. वेग, प्रतिष्ठा आणि विक्रीची किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर टायमिंग बेल्टपाशी, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळती ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्यापाशी मिळते. ९४४चा हा बेल्ट तुटला किंवा दाते सोडून सरकला, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात आणि सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पहिल्या पिढीच्या मियाटाच्या १.६ आणि १.८ लिटर या दोन्ही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात बंद पडते, आणि नवा बेल्ट चढवला की पुन्हा चालू लागते. प्रथमच पाना हातात घेणाऱ्याच्या दृष्टीने या एका फरकाचे मोल फार मोठे आहे.

शिवाय ९४४ला बेल्ट एक नाही, दोन आहेत. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाचा कंप शमवण्यासाठी पोर्शने मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. ते क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दुप्पट वेगाने फिरतात आणि त्यांना स्वतंत्र बेल्ट लागतो. इंजिन इतके गुळगुळीत चालण्याचे कारण हेच शाफ्ट आहेत, आणि ते चालवून पाहिल्यावर या जादा कामाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. मात्र बेल्टचा ताण अचूक असावा लागतो, त्यासाठी खास मापक मिळते, आणि नवा बेल्ट काहीसा सैल पडत असल्याने पहिल्या दीड-दोन हजार मैलांनंतर तो पुन्हा तपासावा लागतो. १९८७च्या मॉडेलपासून कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बेल्टला, म्हणजे टायमिंग बेल्टला, ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला, तरी बॅलन्स शाफ्टचा बेल्ट हातानेच ताणावा लागतो. जाणकार मंडळी साधारण ३०,००० मैलांनी किंवा तीन-चार वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, दोन्ही बेल्ट बदलायला सांगतात. मियाटासाठी ६०,००० मैलांचे अंतर पुरते. इंजिनाचा पुढचा भाग एकदा उघडलाच की वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील्सही त्याच वेळी बदलावीत, कारण गळणारे तेल नव्या बेल्टवर पडले तर तो अकाली खराब होतो. मित्राच्या गाडीचे हे काम आम्ही दोघांनी मिळून केले तेव्हा दोन शनिवार-रविवार लागले. त्यांतला बराच वेळ इंजिन सुरू करण्याआधी क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बेल्टच्या जुळणीच्या खुणा पुन्हा पुन्हा ताडून पाहण्यात गेला, आणि तो वेळ वाचवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

मियाटा सगळ्याच चुका सोसते असे मात्र नाही. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे १९९० आणि १९९१च्या काही गाड्यांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. तिथला पुलीचा बोल्ट पुरेशा जोराने आवळलेला नसेल, तर पुली जागेवर धरणारी आतली धातूची छोटी चावी हलत राहते, तिची खाच झिजते आणि अखेरीस क्रँकच निकामी होतो. गाडी पाहायला जाताना टॉर्च घेऊन जावा आणि पुढच्या पुलीवरच्या खाचा मोजाव्यात: चार असतील तर क्रँक आखूड टोकाचा, आठ असतील तर सुधारित. आखूड टोकाची गाडी घेऊच नये असे मी म्हणत नाही, परंतु तिचा बेल्ट बदलताना नवा बोल्ट आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना) यांबाबत तडजोड करू नये.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताच पारडे फिरते, आणि नवखे ग्राहक फसतात ते इथेच. ९४४चे संपूर्ण बॉडीशेल जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे आहे; त्यामुळे चाळिशीला टेकलेल्या गाड्यांचेही पत्रे बहुधा शाबूत सापडतात. बॅटरीखालचा ट्रे तेवढा तपासावा, कारण सांडलेल्या आम्लाने तो खाल्ला गेला की पाणी थेट आत उतरते. मियाटाची कथा निराळी आहे. कापडी छतावरचे पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जाते. पालापाचोळ्याने त्या नळ्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचते, आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग आतून सडू लागतो. बाहेरून केवळ रंगाला फोड आलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. न्यू जर्सी, शिकागो किंवा मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने ही झीज आणखी वेगाने होते. मियाटाचे क्लच, ब्रेक, पंप हे सारे पाना आणि चिकाटी यांच्या बळावर घरी बदलता येते. दाराखालची पट्टी कापून नवी वेल्ड करणे हे वेगळे कसब आहे. म्हणून मियाटा शोधणाऱ्याने इंजिनापेक्षा त्या पट्ट्या आधी पाहाव्यात, आणि शक्य असल्यास कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनाची कोरडी गाडी घेण्यासाठी वाहतुकीचा खर्च सोसावा. माझे स्वतःचे मत असे, की सडलेल्या स्वस्त गाडीपेक्षा थकलेल्या इंजिनाची कोरडी गाडी केव्हाही बरी.

क्लचच्या बाबतीत तुलना फार एकतर्फी आहे. मियाटात गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शिअलशी (मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या भागाशी) जोडणारी लांब चौकट सोडवून गिअरबॉक्स खाली घेतला की क्लच हाती येतो. गिअरबॉक्सचा जॅक आणि एक सोबती असेल तर काम सुटीच्या दोन दिवसांत उरकते. ९४४मध्ये वजनाचा समतोल साधण्यासाठी गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे आणि क्लच पुढे इंजिनापाशी. त्यामुळे एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारी मधली नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, एवढे सगळे हलवल्यावरच क्लच दिसतो. मूळ क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असते आणि ते वयोमानाने फाटते, म्हणून क्लच नुकताच बदलल्याची पावती असलेल्या ९४४साठी जास्त पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते. हे एक काम मी घरी करण्याची शिफारस करणार नाही.

किरकोळ कामे दोन्हीकडे सारखीच सोपी आहेत. मियाटाचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पायाचा दाब तेलाद्वारे क्लचपर्यंत नेणारा छोटा भाग) गळतो, तो दोन बोल्ट काढून बदलता येतो. ९४४ अचानक बंद पडली तर बहुतेक वेळा इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला आणि इंधन पंपाला वीज देणाऱ्या रिलेतला (विजेच्या स्वयंचलित स्विचमधला) झाळकामाचा सांधा तडकलेला असतो. एक जादा रिले गाडीत ठेवला की झाले. ९४४च्या मैलमापकातले प्लॅस्टिकचे इवलेसे चक्र मोडते, त्यामुळे दिसणाऱ्या मैलांवर विसंबून न राहता पावत्या मागाव्यात. तिच्या इंजिनावरच्या इंधनाच्या नळ्या जुन्या असतील, तर घरी आणल्यावर इतर काहीही करण्याआधी त्या बदलाव्यात, कारण तडकलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

सुट्या भागांची चिंता दोन्हींबाबत फारशी नाही. माझदाने २०१७ साली जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या नूतनीकरणाची योजना जाहीर केली आणि काही भाग नव्याने बनवायला घेतले. पोर्शही जुन्या गाड्यांचे भाग पुरवते, मात्र त्यांची किंमत आधी विचारून घ्यावी.

आता निर्णय. अपार्टमेंटच्या आवारात गाडी उघडण्यास बहुधा मनाई असते, त्यामुळे स्वतःचे छप्पर, सपाट काँक्रीटची जमीन आणि चार भक्कम जॅक स्टँड नसतील, तर दोन्हींपैकी एकही गाडी तूर्त घेऊ नये. एवढी सोय आहे, पण हात अजून शिकाऊ आहे, अशा माणसाने कोरड्या राज्यातली, आठ खाचांच्या पुलीची मियाटा घ्यावी आणि पहिल्याच आठवड्यात छताच्या नळ्या मोकळ्या कराव्यात. ज्याने आधी एखाद्या गाडीचा टायमिंग बेल्ट स्वतः बदलला आहे, ज्याला मोजमाप घेत सावकाश काम करण्याची आवड आहे आणि ज्याला मिठाच्या प्रदेशातच राहायचे आहे, त्याने ९४४चा विचार जरूर करावा; मात्र बेल्ट केव्हा बदलले याचा कागद हाती नसेल, तर ती चालवत घरी आणू नये, ट्रेलरवर आणावी.