‘१०० प्रश्न पाठ करा, नोकरी पक्की’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

बी.एस्सी., बीसीए, इंजिनिअरिंगचे निकाल लागले की मुलांच्या व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू होतात. ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’, ‘इंटरव्ह्यूला हमखास येणारे १०० कोडिंग प्रश्न’, ‘आधी नोकरी, मग फी’. लातूर, नांदेड, जळगावहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणारी मुलं यात पटकन अडकतात, कारण घरी सांगायला काहीतरी हवं असतं आणि महिन्याचं भाडं थांबत नाही. ही फसवणूक ठरलेल्या पायऱ्यांनी होते. पायऱ्या माहीत असल्या तर पहिल्याच पायरीवर ती ओळखता येते.

सुरुवात फोनने होते. ‘तुमचा रेझ्युमे शॉर्टलिस्ट झालाय, उद्या इंटरव्ह्यू आहे.’ तिथे गेल्यावर सोप्या एमसीक्यूंची ‘स्क्रीनिंग टेस्ट’ असते आणि ती सगळेच पास होतात. मग एचआर म्हणवणारी व्यक्ती समोर बसते: ‘तुझं लॉजिक चांगलंय, पण कोडिंग राउंडला कमी पडशील. कंपन्या आमच्याकडूनच मुलं उचलतात. आज सीट बुक केलीस तर डिस्काउंट, उद्या नाही.’ नोकरीसाठी बोलावून कोर्स विकायला लागले की तिथून उठायचं. विचार करायला एक रात्रसुद्धा न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

सीट बुक झाली की आधार, पॅन आणि ओटीपी मागतात. ‘ही फी नाही, हप्ता आहे, नोकरी लागल्यावर सुरू होईल,’ असं तोंडी सांगतात. प्रत्यक्षात त्या ओटीपीने तुमच्या नावावर एनबीएफसीचं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीचं) कर्ज निघतं. रक्कम क्लासला जाते आणि ई-नॅचची (खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची) परवानगी घेऊन दर महिन्याला तुमच्या खात्यातून हप्ता कापला जातो. क्लास बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो, चुकला तर सिबिल खराब होतं. सही करण्याआधी कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा, कारण वार्षिक दर आणि एकूण परतफेड त्यातच असते. डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमान एक दिवसाची मुदत मिळते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की कर्ज संपतं. खरी मुदत त्याच कागदावर लिहिलेली असते, ती त्याच दिवशी पाहा.

करार तर शेवटच्या पानापर्यंत वाचाच. जाहिरातीत ‘गॅरंटी’ असते, करारात मात्र ‘प्लेसमेंट असिस्टन्स’. पुढे अटी येतात: हजेरी ८० टक्के, प्रत्येक मॉक इंटरव्ह्यू पास, आणि ‘तीन मुलाखती उपलब्ध करून दिल्यावर संस्थेची जबाबदारी संपेल’. मग नावही न ऐकलेल्या कंपन्यांच्या तीन फोन-मुलाखती होतात, निकाल कधीच कळत नाही आणि रिफंडचा हक्क संपतो.

आता त्या १०० प्रश्नांविषयी. क्लासवाले देतात त्या पीडीएफमधले प्रश्न बहुधा खरे असतात, पण तेच प्रश्न इंटरनेटवर फुकट आहेत: पॅलिंड्रोम, प्राइम, आर्मस्ट्राँग, ॲनाग्राम, दुसरी मोठी संख्या, ताऱ्यांचे पॅटर्न. फसवणूक पाठांतर शिकवण्यात आहे, कारण मुलाखत घेणारा पाठ केलेलं उत्तर दोन मिनिटांत ओळखतो. ‘ॲरेमधली (संख्यांच्या यादीतली) दुसरी मोठी संख्या काढा’ हा प्रश्न घ्या. पीडीएफमधलं उत्तर असतं: सॉर्ट करा (चढत्या क्रमाने लावा) आणि शेवटून दुसरी घ्या. समोरचा फक्त इनपुट बदलतो: १०, १०, ९. तुमचा कोड १० म्हणतो, उत्तर ९ हवं. दुसऱ्या पीडीएफमध्ये ‘मोठी’ आणि ‘दुसरी’ असे दोन व्हेरिएबल शून्यापासून सुरू केलेले असतात. इनपुट -५, -२, -९ दिलं की उत्तर शून्य येतं, जे ॲरेमध्येच नाही. बरोबर पद्धतीत सुरुवात डेटा टाइपच्या सर्वांत लहान किमतीने करायची. संख्या ‘मोठी’पेक्षा जास्त असेल तर जुनी ‘मोठी’ खाली ‘दुसरी’त सरकवायची. ‘मोठी’पेक्षा कमी पण ‘दुसरी’पेक्षा जास्त असेल तरच ‘दुसरी’ बदलायची. एकाच फेरीत काम होतं, सॉर्टिंग लागत नाही. ‘सगळ्या संख्या सारख्याच असतील तर?’ हेही ते विचारतातच.

फॅक्टोरियलचंही (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचंही) तसंच. जावामध्ये इंट हा पूर्णांकाचा प्रकार वापरून १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं: ४७,९०,०१,६००. १३ दिलं की ६,२२,७०,२०,८०० ऐवजी १,९३,२०,५३,५०४ छापलं जातं, कारण ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. एरर येत नाही, उत्तर गुपचूप चुकतं. लाँग हा मोठा प्रकार घेतला तर २० पर्यंत निभावतं. हे का होतं एवढं नीट सांगता आलं तर त्याचं वजन पाठ केलेल्या वीस प्रोग्रॅमपेक्षा जास्त पडतं.

यासाठी क्लास लागतोच असं नाही. तीस-पस्तीस प्रश्न निवडा: थोडे संख्यांचे, थोडे स्ट्रिंगचे, निम्मे ॲरेचे, एक-दोन रिकर्शनचे (फंक्शन स्वतःलाच बोलावतं ते), सोबत डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतला ‘दुसरा सर्वांत जास्त पगार काढा’ हा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला उत्तर न बघता अर्धा तास द्या. आधी कागदावर लिहा, मग व्हेरिएबलचा तक्ता करून ड्राय रन करा (कोड ओळीओळीने हाताने चालवून पाहा), आणि शेवटी रिकामा ॲरे, एकच घटक, सारखे घटक, ऋण संख्या देऊन पाहा. ॲरेमधल्या ज्या जोडीची बेरीज दिलेल्या संख्येइतकी येते ती शोधताना दोन लूप लिहिले, तर एक लाख घटकांना सुमारे ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात आणि ऑनलाइन टेस्टमध्ये वेळ संपतो. हॅशमॅप (आधी पाहिलेली संख्या लगेच शोधून देणारी रचना) घेतला तर एका फेरीत भागतं. लीटकोड, हॅकररँकवर असे प्रश्न फुकट सोडवता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलवर तर मराठीतूनही धडे आहेत.

क्लासकडून काहीच जमलं नाही की ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवू’ असा पर्याय पुढे येतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. हे करिअर संपवणारं काम आहे. बॅकग्राउंड तपासणीत यूएएनवरून (पीएफ खात्याच्या क्रमांकावरून) पीएफचा इतिहास पाहतात. तिथे नोंद नसली की खोटं पत्र उघडं पडतं, ऑफर जाते, आणि बनावट कागद तुमच्या सहीने दिलेला असतो.

ऑफर लेटर पाठवून लॅपटॉप, ट्रेनिंग किंवा ‘रिफंडेबल डिपॉझिट’ मागणारे वेगळेच. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या नोकरीसाठी पैसे घेत नाहीत, तसं त्यांनी आपल्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय. पत्र आलं की ईमेलचा डोमेन अक्षर-अक्षर तपासा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर २१ अक्षरी सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) टाकून कंपनी कधी नोंदवली ते पाहा. ‘लीक पेपर’ विकणाऱ्या टेलिग्राम चॅनेलला किंवा ‘टेस्ट आम्ही देतो, एनीडेस्क (दुरून स्क्रीन चालवण्याचं ॲप) टाका’ म्हणणाऱ्याला स्क्रीनचा ताबा देऊ नका. ज्या मशीनवर तुमचं यूपीआय आणि नेटबँकिंग आहे तेच ते मशीन असतं. अनोळखी रिक्रूटरने पाठवलेला ‘असाइनमेंट प्रोजेक्ट’ही थेट चालवू नका. ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवणारी कमांड चालवताच त्यातली लपवलेली स्क्रिप्ट आपोआप चालू शकते, आणि पासवर्ड चोरण्यासाठी हाच मार्ग वापरला गेलाय. व्हर्च्युअल मशीनमध्ये (तुमच्या फाइलींपासून वेगळ्या, आभासी संगणकात) उघडा, नाहीतर नकार द्या.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, करार, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण ग्रुप रातोरात डिलीट होतात. कोर्सच्या फसवणुकीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ऐकलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नोकरीच्या हमीचे खोटे दावे आणि विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचा फोटो वापरणं, दोन्हीला मनाई आहे. तक्रारीत त्यांचा उल्लेख करा.

कर्जाचा हप्ता मात्र रागाच्या भरात बंद करू नका. आधी एनबीएफसीला ईमेलने लेखी तक्रार द्या: सेवा मिळाली नाही, वसुली थांबवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तोवर खात्यात हप्त्यापुरते पैसे ठेवा, म्हणजे बाउन्सचा दंड लागत नाही.