बाप्तिस्म्याचा फ्रॉक, कसवू + लाल लुगडं (वसईतल्या टेलरताई) ४/५

भाचीच्या बाप्तिस्म्याचा फ्रॉक वसईतल्या एका टेलरताईंकडे शिवून घेतला, घरातच मशीन टाकून बसतात, बोर्ड वगैरे काही नाही. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते सांगतेच.

बहीण कुपारी, म्हणजे वसईतल्या ख्रिश्चन समाजातली, भाऊजी केरळातल्या कोट्टायमचे सिरियन ख्रिश्चन, हा तिकडचा जुना ख्रिश्चन समाज. त्यांच्या अम्मच्चींनी, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी, कोरं कसवू मुंडू (सोनेरी जरीकाठाचं पांढरं नेसायचं वस्त्र) पाठवलं आणि आमच्या आजीचं लाल लुगडं पेटीत होतंच, म्हणजे दोन्हीकडचं दिसलं पाहिजे, पण विधीतच पांढरं वस्त्र आहे त्यामुळे फ्रॉक मुळात पांढराच हवा. आधी एका बुटीकमध्ये विचारलं तर म्हणे छातीवर पैठणीचा पॅच मारू, ट्रॅडिशनल वाटेल. अहो पैठणीचा काय संबंध इथे!

ताईंनी मात्र पहिलं हेच विचारलं की फादर तेल कुठे कुठे लावतात. आधी छातीवर, मग पाणी ओतून झालं की डोक्यावर. म्हणून गळा पुढून उघडणारा केला, कापडी बटणं आणि दोऱ्याचे लूप, आणि टोपरं वेगळं, एका नाडीवर पटकन सुटणारं. कसवूची जर अंगाला टोचते म्हणून आतून पूर्ण मलमलचं अस्तर, शिलाई कुठेच उघडी नाही. सॅटिनला त्यांनी सरळ नाही म्हटलं, मे महिन्यात पोर उकडून निघेल म्हणाल्या.

सगळ्यात भारी काम पाठीचं. चट्टा-मुंडूत, म्हणजे सिरियन ख्रिश्चन बायकांच्या जुन्या पांढऱ्या पोशाखात, बायका मागे पंख्यासारख्या निऱ्या काढतात, ञोरी म्हणतात, भाऊजींनी त्यांच्या आजीचा फोटो दाखवला आणि ताईंनी कंबरेखाली तसाच छोटासा पंखा काढला, प्रत्येक निरीच्या टोकाला कसवूचा काठ. बाळ खांद्यावर घेतलं की मागच्या बाकावरच्यांना तेच दिसतं, कोट्टायमच्या मंडळींनी फोटो काढून काढून नुसता धुमाकूळ घातला.

लुगड्याच्या रंगाची धास्ती होती. ताईंनी ओला तुकडा पांढऱ्या मलमलवर ठेवून वरून इस्त्री दाबली, गुलाबी डाग आलाच! मग लाल फक्त घेराच्या खालच्या कडेला, बोटभर पट्टी, डोक्यावरच्या पाण्यापासून लांब, आणि तीही मिठाच्या पाण्यातून काढून मगच लावली. आजी मात्र जरा हिरमुसली, तिला लाल जास्त हवं होतं.

आता कापलेला स्टार. तारीख पाळली नाही, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर ब्लू टिक येते आणि पुढे काहीच नाही. फ्रॉक शनिवारी रात्री हातात, रविवारी विधी, त्यात मुंढा घट्ट, नशीब आत मार्जिन सोडलं होतं म्हणून तिथेच बसून उसवून दिलं. शिलाई २८०० घेतली, कापड आपलं. कामाच्या मानाने मला जास्त वाटली नाही, आईला वाटली. द्यायचं असेल तर महिनाभर आधी द्या आणि स्वतः जाऊन मागे लागा, लग्नाच्या सीझनमध्ये तर त्या लहान मुलांचं काम घेतच नाहीत.