फळमाशीचं ‘कोटिंग’ म्हणून खडूची भुकटी विकली

पंढरपूर, मोहोळ, माढ्याकडच्या पेरूवाल्यांनो, बांधावर येऊन ‘फळमाशी कोटिंग’ विकणारा भेटला तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे तो उन्हाळ्यात आला. मोबाइलवर पांढऱ्या थराचे पेरू दाखवले, कापल्यावर आत एकही अळी नाही. बागमालकाशी फोनवर बोलणंही करून दिलं. फोटो खोटे नव्हते, पण होते मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्यात फुलून थंडीत तोडल्या जाणाऱ्या मालाचे, डिसेंबरातले. थंडीत माशी तशीही कमी असते. नुसतं पाणी मारलं असतं तरी माल तसाच निघाला असता. आमचा होता आंबे बहार, तोडणी ऐन पावसाळ्यात. माशीची खरी धाड तेव्हाच.

मुळात कल्पना खरी आहे, म्हणून तर गळाला लागतात लोक. मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यात फक्त नर अडकतात, फळात अंडी घालणारी मादी मोकळीच. केओलिन या पांढऱ्या मातीचा थर फळावर असला की तिला फळ ओळखू येत नाही, कण पायांना चिकटतात, ती उडून जाते. परदेशात ऑलिव्हच्या बागांत हे वापरतात. पण थर सगळीकडून बसावा लागतो, पावसाने धुतला की पुन्हा फवारावा लागतो, आणि आधी घातलेल्या अंड्यांवर त्याचा उपयोग शून्य. हा गडी म्हणे, ‘काका, एकदा मारा, तोडणीपर्यंत बघायलाच नको.’

२५ किलोचं पोतं ४,००० रुपयांना. पहिल्याच झडीत फळं धुऊन निघाली. मग सालीवर टाचणी टोचल्यासारखे डंख, आणि झाडाखाली सडक्या पेरूंचा खच.

कृषी पदवी झालेल्या पुतण्याने उरलेल्या भुकटीवर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. केओलिन फसफसत नाही, खडू फसफसतो. रंगाच्या दुकानात ही पावडर मातीमोल मिळते.

पोत्यावर ना नोंदणी क्रमांक, ना बॅच नंबर, ना कारखान्याचा पत्ता. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद. क्यूआरने दिलेले पैसे तिसऱ्याच कुणाच्या खात्यावर गेले, आणि फोन बंद. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. पक्की पावती नाही म्हणून घोडं अडलंय.

आता तो सांगोला-मंगळवेढ्याच्या बोरबागांत फिरतोय, असं कानावर आलंय. अर्धं पोतं माझ्याकडे बांधून ठेवलंय. कुणाला तक्रार करायची असेल तर ताडून बघायला नमुना घेऊन जा.