वांग घालवतो म्हणून माझे २६,९०० रुपये नेले

खानापूर, नंदगड, बेळगावच्या बायांनो, मंगल कार्यालयात ‘मोफत त्वचा तपासणी शिबिर’ लागलं तर आत जाण्याआधी हे वाचा.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. शिबिरातली पांढऱ्या कोटातली बाई गालाला कॅमेरा टेकवून स्क्रीनवर डाग हे एवढे मोठे करून दाखवायची. मग एकेक करून पैसे काढून घेतले. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ मलमाच्या डब्यांचे ८,५००, पुढच्या संचाचे ६,४०० आणि मशीनच्या सिटिंगचे आगाऊ १२,०००. सगळे भिशीचे पैसे. सिटिंग झालंच नाही, फोन बंद.

मला कुणी अडाणी म्हणू नका. आठवड्याभरात चेहरा उजळला होता की! जाऊबाईंनी स्वतःहून विचारलं, काय लावतीस म्हणून. डोळ्यांना दिसतंय ते खोटं कोण म्हणेल?

पण पहिली डबी संपली, दुसरी यायला उशीर झाला आणि चेहरा लालबुंद होऊन पेटल्यासारखा झाला, पुटकुळ्या उठल्या. फोनवर ती बाई म्हणाली, “ताई, आतली घाण बाहेर पडतेय, बंद करू नका.” नवी डबी आली, लावली, आग थांबली. तिथंच कळायला हवं होतं. लावलं की बरं, सोडलं की आग, असं झाडपाल्याचं औषध कधी वागतं का? डबीवर लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. नुसतं सोनेरी पान. रोज रात्री ती हातात घेत होते मी! आजही आठवलं की डोकं फिरतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा बघूनच सांगितलं, डबीत स्टेरॉइड असणार. कातडी पातळ झालीय, बारीक शिरा दिसतायत, डाग आधीपेक्षा गडद. वांगावर डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या डागांवरच्या दुसऱ्या औषधांच्या जोडीनं, मोजक्या आठवड्यांपुरतं आणि देखरेखीखाली. सोबत रोज सनस्क्रीन. उन्हानं वांग परत येतात, त्यामुळं ‘कायमचे घालवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता तक्रारीचं ऐका. पावतीवर पत्ता गडहिंग्लजचा. इथले पोलीस म्हणाले, महाराष्ट्रात जावा. तिथले म्हणाले, शिबिर कर्नाटकात झालं, तिकडं जावा. मराठीत लिहिलेला अर्ज परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. औषध खात्यात सांगितलं, उघडलेली डबी तपासत नाही. सीमेच्या वादात आमची पिढ्यान्‌पिढ्या फरपट झाली, आता तोंडाला फासलेल्या विषालाही हद्द विचारता? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विकत घेतलेलं औषध किंवा सौंदर्यप्रसाधन फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. हे मला एकाही खुर्चीवरच्या माणसानं सांगितलं नाही, वकिलांनी सांगितलं.

ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. रोख पैसे देऊ नका, ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मलम एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा. मी आयोगात जातेय. त्या शिबिराची पावती आणि डबी ज्यांच्याकडं असेल त्यांनी ती लाजेनं फेकू नका, पुरावा तोच आहे.