रीफ टँकचा चिलर: एक उन्हाळा काढल्यानंतर

रीफ टँक म्हणजे प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी, आणि चिलर म्हणजे तिचं पाणी गार ठेवणारं यंत्र. दोनशे लिटरच्या टाकीला १/१० एचपीचा चिलर पुरतो का, यावर पुष्कळ चर्वितचर्वण झालंय. पुरतो. ठाण्याच्या एप्रिलातही पाणी २६ अंशांवर राहिलं. माझं भांडण त्याच्या मागच्या जाळीशी आहे.

मे महिन्यात कॉम्प्रेसर थांबेचना आणि पाणी साडेएकोणतीसवर गेलं. झोअँथिड (फुलांसारखे उघडणारे प्रवाळासारखे जीव) मिटून बसले, झेनिया हे मऊ प्रवाळ दोन दिवसांत विरघळलं, क्लाउनफिश पृष्ठभागाशी धापा टाकू लागले. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी विरघळतो. (दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, दुकानदार काहीही म्हणो.) पाणी तपासलं तर बाकी सगळं ठीक होतं. म्हणजे दुखणं गरमीचंच.

सर्व्हिस सेंटरचं निदान फोनवरच झालं: "गॅस गेला असणार. साडेचार हजार, आणायचा-न्यायचा खर्च तुमचा, दहा दिवस लागतील." मे महिन्यात दहा दिवस! तोवर पाण्यावर दोन पंखे लावले. तापमान दोनेक अंश उतरलं, पण पाणी इतकं उडायला लागलं की एटीओची (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेची) टाकी रात्रीतच रिकामी झाली आणि सकाळी घनता १.०२५ वरून १.०२७, म्हणजे पाणी जास्त खारट. पंखे लावाल तर आरओचं पाणी दुप्पट भरून ठेवा. बर्फाच्या बाटल्या मात्र टाकू नका. तापमानाचे हेलकावे जास्त घातक.

शेवटी गल्लीतल्या फ्रिजवाल्याला बोलावलं. त्याने कव्हर काढलं तर कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, धुळीची अक्षरशः गोधडी. जुना टूथब्रश, ब्लोअर, तीनशे रुपये. गॅस जागच्या जागी होता.

आता ती जाळी. धूळ अडवायला ती आहे खरी, पण आतून बसवलेली. धुवायची तर सहा स्क्रू काढून अख्खं कव्हर उचला. आणि स्क्रू साधे लोखंडी! खाऱ्या पाण्याशेजारी ठेवायच्या यंत्राला! एक इतका गंजला होता की ड्रिल करून काढावा लागला. बाहेरून अडकवायची जाळी दिली असती तर कंपनीचे पन्नास रुपये वाढले असते. मी ३१६ ग्रेडचे स्टीलचे स्क्रू बसवले, बाहेरून खिडकीची डासांची जाळी वेल्क्रोने चिकटवली आणि दर रविवारी ती नळाखाली धुतो.

इथवरचं रागात लिहिलं होतं, तेव्हा दोनच तारे द्यायचे ठरवलं होतं. पण साफ केल्यापासून हा पठ्ठ्या नव्यासारखा गार करतो, कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो आणि वीजबिलही उतरलं. झोअँथिड उघडलेत, झेनिया गेली ती गेली. तेव्हा यंत्राला चार तारे, पाचवा जाळीपायी कापला. सर्व्हिसला शून्य.

घेणार असाल तर दुकानातच मागचं कव्हर उघडून दाखवायला सांगा. आणि चिलर बंद कपाटात कोंबू नका. स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसेल.