तलवारीचे दोन चित्रपट: ‘क्राउचिंग टायगर’ की ‘हीरो’?

अँग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (2000) आणि झांग यिमू यांचा ‘हीरो’ (2002). पहिला चीनच्या शेवटच्या, म्हणजे छिंग राजवटीतला, दुसरा चीन एकसंध होण्याआधीच्या छिन राजाच्या काळातला. दोन्हींना संगीत तान दून यांचंच.

नुसतं डोळ्यांनी पाहायचं तर ‘हीरो’ला तोड नाही. एकच घटना वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी पडद्याचा रंग बदलतो: लाल, निळा, पांढरा. जेट ली आणि डॉनी येन यांची पावसातली झुंज मी कितीदा पाहिली असेल! पण यातली माणसं प्रतीकांसारखी वाटतात, त्यांच्या मरणाने जीव हलत नाही. आणि शेवटाकडे राज्याच्या ऐक्यासाठी राजाचा जुलूम पोटात घालायला सांगणारा विचार मला आजही पटत नाही.

‘क्राउचिंग टायगर’मधलं वाळवंटातलं प्रेमप्रकरण लांबतं, तिथे कथेची लय सुटते. तरी मिशेल यो आणि झांग झियी यांची लढत बघा. एक शस्त्र निकामी झालं की मिशेल दुसरं उचलते, समोरची मात्र एकाच तलवारीच्या जोरावर उभी. त्या प्रत्येक वारात मत्सर आहे, माया आहे, वर्षानुवर्षं गिळलेले शब्द आहेत. यूएन वू-पिंग यांनी बसवलेली ही लढाई म्हणजे संवादच.

एकच पाहायला वेळ असेल, तर मी हाच सुचवेन. ‘हीरो’ मात्र शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहा.